विमानाचे पाय धुणारा वॉल्टर

माझा नवरा बोलतो कमी आणि बांधतो जास्त. घरात काही बिघडलं की तोंडानं सांगायचं सोडून त्या वस्तूला लाल चिंधी बांधून मोकळा होतो. स्टोव्हला चिंधी, कुकरच्या कानाला चिंधी, आमच्या लेकीच्या, नादियाच्या सायकलच्या ब्रेकला चिंधी. एकदा मी भाजी चिरायला पाटावर बसणार, तर पाटाच्या पायाला चिंधी. म्हटलं, "अरे बाबा, पाट हलतोय तर एक खिळा मार की." तर म्हणतो, "मारणार आहे. तोवर कुणी बसू नये म्हणून बांधलीय." आता एवढं बोलायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात खिळा मारून झाला असता की नाही? पण नाही. वॉल्टरच्या डोक्यात त्याचं वर्कशॉप असं काही बसलंय की घर काय आणि शॉप काय, त्याला फरकच कळत नाही.

वॉल्टर विमानतळावर कामाला आहे. भाईंदरकडच्या किनाऱ्यावरच्या पालीत, आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं की नवरा विमानात कामाला आहे, तर लोकांना वाटतं पायलट असणार, निदान आत ट्रे फिरवत असणार. तसलं काही नाही. विमान जमिनीवर उतरताना खाली जे पाय काढतं, चाकांच्या वरचे ते जाडजूड दांडे, लँडिंग गिअर म्हणतात त्याला, ते खोलायचे, धुवायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे आणि परत जोडायचे, हे त्याचं काम. विमान उडतं तेव्हा सगळं जग वर बघतं. हा एकटा त्याच्या पायांकडे बघतो.

कंपनीनं एकदा घरच्या लोकांना शॉप दाखवायला बोलावलं होतं, तेव्हा मी तो पाय बघितला. विमानापासून सुटा केलेला, लोखंडी स्टँडवर उभा करून ठेवलेला, आमच्या घराच्या पत्र्याला लागेल एवढा उंच. मला वाटलं होतं मोडलेला असेल. वॉल्टर म्हणाला, "मोडलेला नाही. चांगला आहे. ह्याची वेळ झाली म्हणून काढलाय." त्यांच्याकडे नियमच असा की विमान ठरावीक वेळा जमिनीला टेकलं की पाय बाहेर काढायचा म्हणजे काढायचा, चांगला असो की वाईट. मी म्हटलं, "दुखत नाही तरी डॉक्टरकडे न्यायचं? फालतू खर्च." तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी चर्चमध्ये चप्पल घालून नाचले. म्हणाला, "दुखेपर्यंत थांबलं तर उपयोग काय, ज्युली? वर माणसं बसलेली असतात."

तपासणीत एखादा तुकडा नापास झाला की त्याला लाल टॅग लागतो. नुसता दोऱ्यानं नाही, बारीक तारेनं, पक्कडीनं पीळ घालून. आणि ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा. मधे कुणीही येवो, अगदी मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही. हे वॉल्टरला शिकवलं श्रीपती मास्तरांनी. मास्तर मूळचे रत्नागिरीकडचे, मिरा रोडला पूनम सागरमध्ये राहायचे आणि रविवारी आमच्याकडे ताजे बोंबील खायला यायचे. मी त्यांच्याकडे चिंध्यांची तक्रार केली तर पोट धरून हसले. मग म्हणाले, "वहिनी, लाल टॅग म्हणजे भांडण नव्हे, काळजी आहे. पण ह्याला एक कळत नाही. टॅग वाचायला समोरचा माणूस पण शॉपातला लागतो." वॉल्टर खाली मान घालून बोंबील खात होता. ते वाक्य त्याच्या डोक्यावरून गेलं, आणि तेच पुढे आमच्या अंगाशी येणार होतं.

आता माझ्या दिराबद्दल सांगते. रेनॉल्ड, वॉल्टरचा मोठा भाऊ. सासऱ्यांची बोट आहे, 'स्टेला', माझ्या सासूचं नाव दिलेलं. दोघं भाऊ लहानपणापासून त्याच बोटीवर. मग वॉल्टरनं आयटीआय केलं, विमान कंपनीचा कॉल आला आणि हा निघाला. सासऱ्यांनी जाऊ दिलं, रेनॉल्डला मात्र ते लागलं. सासरे वारल्यावर तर जास्तच. त्याचं एकच म्हणणं, बोट दोघांची, पाठ मोडायची एकट्यानं.

तरी बोलचाल होती. ती तुटली एका पवित्र गुरुवारी. येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये फादर बारा पुरुषांना पुढे बसवतात, त्यांचे पाय धुतात, पुसतात. रेनॉल्ड त्या बारांत दर वर्षी असतो, त्याचा मान आहे. त्या वर्षी मिस्साची प्रार्थना झाल्यावर बाहेर सगळे उभे होते आणि रेनॉल्ड मोठ्यानं म्हणाला, "फादर वर्सातून एकदा पाय धुतात. आमचा वॉल्टर रोज धुतो, ते पन विमानाचे." सगळे हसले. आता तुम्हीच सांगा, हसण्यासारखं होतं का? होतं थोडं. पण मी तिथल्या तिथे दिराला असं सुनावलं की लोकांचं हसू आटलं. वॉल्टर घरी आला, शर्ट काढून खुंटीला टांगला आणि तेव्हापासून भावाशी बोलणं बंद.

आमची घरं एका भिंतीची. मधली भिंत एक, माणसं दोन आणि निरोप्या मी. वॉल्टर समोर उभा असताना रेनॉल्ड मला सांगणार, "ज्युलिएट, तुझ्या नवऱ्याला सांग, नळाला पानी आलंय." आणि हा मला सांगणार, "त्याला सांग, कळलं." वीट आला होता मला ह्या दोघांचा. आणि मजा बघा, रात्री वारा सुटला की वॉल्टर झोपेतून उठून दाराशी जायचा आणि स्टेला कुठे दिसतेय का बघायचा. विचारलं तर म्हणायचा, पाणी प्यायला उठलो.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू व्हायची, त्याआधी किनाऱ्यावर बोटींना आशीर्वाद असतो. पावसाळाभर वर ओढून ठेवलेल्या बोटी रंगवतात, पताका, रंगीत कागद, फुगे, चिंध्या, जे मिळेल ते बांधून सजवतात, फादर येऊन तीर्थ शिंपडतात आणि भरती आली की बोटी पाण्यात. त्या वर्षी वॉल्टर आपणहून मला म्हणाला, "ह्या वेळी सुट्टी टाकलीय. मी पण जाणार. स्टेलाला हात लावायचाय." मी मनात देवाचे आभार मानले. म्हटलं, सुटले एकदाची ह्या पोस्टाच्या नोकरीतून.

आणि नेमका त्या आठवड्यात हुकूम आला. कुठे तरी परदेशात त्याच जातीच्या विमानाच्या मागच्या पायात तडा सापडला होता, म्हणून त्या जातीचं प्रत्येक विमान तपासल्याशिवाय उडवायचं नाही. असा हुकूम आला की सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. मी चिडले. म्हटलं, "तुझ्या एकट्यानं काय अडणार आहे?" तो म्हणाला, "प्रत्येकजण असंच म्हणाला तर?" आणि आशीर्वादाच्या दिवशी उजाडायच्या आधी, मी उठायच्याही आधी, डबा न घेता निघून गेला.

मी नवी साडी नेसून, नादियाला घेऊन किनाऱ्यावर गेले. फादर शेवटच्या बोटींपर्यंत आले होते. स्टेलावर तीर्थ शिंपडून झालं होतं. वाळूत लाल, पिवळं, निळं, सगळीकडे फडफडत होतं. आणि रेनॉल्ड माझ्याकडे चालत आला. हसत. ह्या माणसाला माझ्याकडे बघून हसताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ज्युलिएट," म्हणाला, "बगितली मी चिंधी."

"कुठली चिंधी, भावजी?"

"नवऱ्यानं तुला पन न्हाय सांगितलं? पहाटे बॅटरी घेऊन आला नि बांधून गेलाय. बबननं बगितला त्याला." बबन म्हणजे त्याचा खलाशी. "बोलला न्हाय कोनाशी. बांधली नि गेला बस पकडायला. त्याला रजा न्हाय भेटली ना? तरी आला. आपली बोट हाय, विसरला न्हाय." बोलता बोलता त्याचे डोळे भरले. दांडगा माणूस, पण त्याला रडू लपवता येत नाही. "सांग त्याला. म्हनावं रेनॉल्ड खूश झाला."

 मी विचारलं, "बांधलीय कुठे?"

"मागं, पंख्यापाशी. तिथं कोन पताका बांधतं? पन त्याला काय कलतं सजावटीतलं."

मी बोटीच्या मागे गेले. पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणारा पंखा ज्या दांड्यावर फिरतो त्या दांड्याला धरून ठेवणारं लोखंडी ब्रॅकेट असतं, त्याला लाल चिंधी होती. पताका लोक सुतळीनं बांधतात. ही तारेनं बांधली होती, पक्कडीनं नीट पीळ घालून. खाली वाकून बघितलं तर नव्या निळ्या रंगातून गंजाची केसाएवढी रेघ आलेली.

त्या क्षणी माझ्यासमोर काय होतं ते सांगते. एक, बोट घेऊन हा माणूस आणि त्याचे खलाशी तासाभरात दर्यात जाणार. दुसरं, इतक्या दिवसांनी त्याच्या मनात भावाबद्दल माया आली होती, ती ह्या चिंधीमुळे, आणि ती मीच आता मोडणार. आणि तिसरं, वॉल्टर चुकला असेल तर? नुसताच रंग तडकला असेल तर? मग ही भिंत मधून कधीच जाणार नव्हती. नवऱ्याचा असा राग आला म्हणता. एवढं बघितलं, वाकून बांधलं, आणि भावाला उठवून दोन शब्द सांगता आले नाहीत?

पण सांगायला तर हवंच होतं. मी म्हटलं, "भावजी, ही पताका नाही. हा लाल टॅग आहे. बोट नापास आहे. ही न्यायची नाही."

त्याचा चेहरा बघवला नाही मला. हसू होतं तिथंच गोठलं. मग हळूहळू लाल झाला. "नापास? माज्या बोटीला नापास करनारा तो कोन? सा वर्सं हात न्हाय लावला नि आज नापास?" मागून बबन म्हणाला, भरती आलीय, फादरांनी पाणी मारलंय, आता बोट मागं घ्यायची म्हणजे अपशकुन. सासऱ्यांचा तसा नियमच होता, तीर्थ पडलं की बोट पुढेच जाणार. रेनॉल्डनं बबनकडून पक्कड मागितली आणि तारेला हात घातला.

मी काय केलं? पंख्याला पाठ लावून खाली बसले. नव्या साडीनं, ओल्या वाळूत. म्हटलं, "ढकलायची तर माझ्यावरून ढकला. हा सोडायचा हक्क तुम्हाला नाही, मला नाही, फादरना पण नाही. ज्यानं बांधलाय तोच सोडेल."

अख्खा किनारा गोळा झाला. बायका मला उठवायला बघतायत, नादिया रडतेय, कुणी म्हणतंय वॉल्टरच्या बायकोला वारं लागलं. चर्चच्या ऑफिसात फोन होता, पण विमानाखाली काम करणाऱ्या माणसाला फोनवर बोलावून आणेपर्यंत भरती उतरली असती, आणि तेवढं थांबायला रेनॉल्ड तयार नव्हता. शेवटी फादर आले. म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांनी चिंधीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रेनॉल्ड, आशीर्वाद काय मासळी आहे? उद्यापर्यंत खराब होत नाही." रेनॉल्डनं पक्कड वाळूत टाकली. बाकी सगळ्या बोटी गेल्या. सजवलेली स्टेला एकटी राहिली, आणि तिच्याकडे पाठ करून रेनॉल्ड तिथंच बसून राहिला. जेवायलाही उठला नाही.

मी संध्याकाळी बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले. वॉल्टर उतरला, थकलेला, हाताला ग्रीस. मी तिथंच सुरू केलं. "देवानं तोंड कशाला दिलंय तुला? नुसतं जेवायला?"

"काय झालं? टॅग बांधला होता ना मी. लाल टॅग असताना कोण पुढे जातं?"

"अरे ते तुझं शॉप आहे. इथं आज अख्ख्या किनाऱ्यावर चिंध्या बांधल्यात. त्याला वाटलं तू बोट सजवलीस. खूश होऊन रडत होता तो."

वॉल्टर रस्त्यातच थांबला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडाचा रंग असा उडालेला मी बघितला नव्हता. "बोट गेली?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली, पण त्याला ते दिसलंच नसावं, तो पिशवी माझ्या हातात टाकून धावत सुटला होता.

मी पोचले तर दोघं भाऊ बोटीच्या दोन बाजूंना उभे. वॉल्टर मला म्हणाला, "रॉकेल आण. आणि नादियाचा पांढरा खडू." मी आणलं. त्यानं गुडघ्यांवर बसून ब्रॅकेटवरचा नवा रंग खरवडला, लोखंड घासून साफ केलं आणि रॉकेलनं धुवायला लागला. रॉकेल खाली वाळूत गळत होतं. रेनॉल्ड मला म्हणाला, "ज्युलिएट, त्याला विचार, किती वेल लागंल."

मी म्हटलं, "पोस्ट ऑफिस बंद झालं. आणि भावजी, नुसते उभे काय राहिलात, घमेलं धरा खाली. रॉकेल फुकट चाललंय."

माझा आवाजच असा लागला की तो वाकला आणि घमेलं धरलं. वॉल्टर ओतत होता, धुत होता, हा खाली धरून बसला होता. मग थोडं थांबून वॉल्टरनं सगळं कोरडं पुसलं आणि खडू चोळून लोखंड पांढरं केलं. म्हणाला, "आता बघायचं." कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. आम्ही तिघंही बघत बसलो. मी मनातल्या मनात चर्चमधल्या माउलीला हाक मारत होते, आणि काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं. तडा निघो म्हणू, की न निघो म्हणू?

पांढऱ्या खडूवर आधी एक ठिपका ओला झाला. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग तड्याच्या पोटात शिरलेलं रॉकेल बाहेर येत गेलं आणि ब्रॅकेटच्या अर्ध्याहून जास्त अंगावर काळसर रेघ उमटली. रेनॉल्डनं त्या रेघेवरून नख फिरवलं.

"हे तुटलं अस्तं तर?" त्यानं विचारलं. मला नाही, वॉल्टरला.

"दांडा हलला असता. मागच्या फल्या फाटून पानी आत आलं असतं."

"किती लांब गेल्यावर?"

"ते न्हाय सांगता येत, दादा."

 मग रेनॉल्ड म्हणाला, "तोंडानं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

रेनॉल्डनं खोटं बोलायला हवं होतं असं नाही, पण बोलला असता तरी चाललं असतं. नाही बोलला. हातातलं घमेलं तसंच धरून म्हणाला, "न्हाय."

नवं ब्रॅकेट भाईंदरहून ओतून आणायला काही दिवस लागले. ते बसवलं, वॉल्टरनं पुन्हा खडू चोळून बघितलं, फादरांनी पुन्हा तीर्थ शिंपडलं आणि मगच वॉल्टरनं आपल्या हातानं तार सोडली. स्टेला सगळ्यांच्या मागून गेली, पण गेली. भाऊ बोलायला लागले. जास्त नाही हो, दोघंही एकाच मातीचे. पण नळाला पाणी आलं की आता रेनॉल्ड भिंतीवर थाप मारतो आणि "वॉल्टर, पानी" म्हणतो. मला त्यातच सगळं मिळालं.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवार आला. मी बायकांच्या पहिल्या बाकावर बसले होते, पुरुषांच्या बाकांवर वॉल्टर दिसत नव्हता. म्हटलं, बाहेर कुठे उभा असेल. बघते तर तो पुढे, बारा जणांच्या रांगेत, रेनॉल्डच्या जागेवर. उजवा पाय उघडा, मोजे घालून घालून पांढरा फटक पडलेला, आणि चेहरा असा की ह्याला पळून जायची वाट हवी होती. रेनॉल्डनं फादरना सांगून आपली जागा त्याला दिली होती, आणि स्वतः फादरांच्या बाजूनं घमेलं आणि टॉवेल धरून चालत होता.

दोघं वॉल्टरपाशी आले. फादरांनी पाणी ओतलं, पाय धुतला आणि टॉवेलसाठी हात पुढे केला. रेनॉल्डनं टॉवेल दिला नाही. तो स्वतः गुडघ्यांवर बसला, भावाचा पाय मांडीवर घेतला आणि पुसला. टाच पुसली, घोटा पुसला, बोटांच्या मधे पण पुसलं. मग घोटा हातात धरून, वॉल्टर शॉपात बघत असेल तसा, पाय इकडून वाकवून बघितला, तिकडून वाकवून बघितला आणि हळू म्हणाला, "पास हाय."

फादरांनी ऐकलं, पहिल्या बाकावर मी ऐकलं. वॉल्टर सगळ्यांसमोर, तोंडावर हात घेऊन, रडला. मी पण रडले आणि नादियाला म्हटलं, तुझ्या बापाला रुमाल नेऊन दे.